पेनिनाचं बोट

टक्.

भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि इतका वेळ गप्प असलेलं घर दचकलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्ज पसरून बसलेल्या लांगीचं पेन अजून सहाव्या प्रश्नावरच अडकलेलं होतं.

"आई, भात झाला हे त्याला कसं कळलं?" जमिनीवर पालथ्या पडलेल्या पेनिनाने विचारलं. वय वर्षं पाच.

"कळतं त्याला. गप गं जरा, मला लिहू दे."

"पण त्याला तर डोळेच नाहीत!"

"पेनिना!"

पेनिना गप्प बसली. लांगी पुन्हा कागदाकडे वळली. पहाटे चारपासून विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात विमानातल्या जेवणाचे ट्रे भरून ती नुकतीच घरी आली होती, आणि बोटांना अजून झाकणाच्या चंदेरी कागदाचा वास येत होता. समोरचा अर्ज होता विशेष हुशार मुलांच्या वर्गाचा. आठवड्यातला एक दिवस, दर बुधवारी, निवडक बारा मुलं आपली नेहमीची शाळा सोडून तिथे शिकायला जात. मांगेरे उपनगरातल्या त्यांच्या सामोअन वस्तीच्या रस्त्यावरून आजवर एकही मूल त्या वर्गाला गेलं नव्हतं. पेनिनाच्या शाळेतल्या बाई बिचाऱ्या चांगल्या. पण एवढ्या पोरांत कुणाचं नाक पुसायचं आणि कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं?

प्रश्न सहावा: आपल्या मुलाची विशेष क्षमता दिसेल असा एक प्रसंग लिहा.

'शंभरपर्यंत अंक म्हणते,' असं लिहून लांगीने खोडलं होतं. अंक काय, पोपटही म्हणेल. 'छान गाते,' हेही खोडलं. आमच्यात कोण गात नाही?

"योआने," ती नवऱ्याला म्हणाली, "शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तो अपेलू मास्तर येतोय. पोरांची बुद्धी उघडून देतो म्हणे. जाऊया?"

योआनेच्या तोंडात घास होता. त्याने भुवया उडवल्या. झाला होकार. तोंड रिकामं असतं तरी त्याने एवढंच उत्तर दिलं असतं. सामोअन घरात 'हो' म्हणायला जीभ कशाला झिजवायची?

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका विणलेल्या पंख्यांनी वारा घेत होत्या, पोरं गळ्यातल्या गोड गोळ्यांच्या माळा चघळत होती. व्यासपीठावर पांढरा सूट, पांढरे बूट आणि खिशाला सोनेरी पेन लावलेले अपेलू मास्तर.

"बंधूंनो आणि भगिनींनो! प्रत्येक बालकाच्या मेंदूच्या मधोमध एक खिडकी असते. शाळा ती बंद करते. मी ती उघडतो! सात देशांच्या बत्तीस शास्त्रज्ञांनी माझ्यापुढे हात टेकलेत!"

"कुठले सात देश?" मागून आवाज आला. योआनेची थोरली बहीण, लुपे. बालवाड्या हिंडून लहान पोरांचे कान तपासणं हे तिचं काम, आणि नको तिथे प्रश्न विचारणं ही तिची खोड.

"ज्यांना नावागावाची चौकशी लागते, ताई, त्यांची खिडकी गंजलेली असते," अपेलू मास्तर गोड हसले. हॉल खदखदून हसला. लांगीने मान खाली घातली. नणंद आहे म्हणून, नाहीतर...

मग पेनिनाला वर बोलावलं. लोकांकडे तोंड करून तिला खुर्चीवर बसवलं. समोरच्या टेबलावर पाच चित्रं मांडली: शंख, होडी, नारळ, कासव, डुक्कर. तशीच पाच मास्तरांच्या हातातल्या गठ्ठ्यात. त्यांनी एक चित्र काढलं, पेनिनाला पाठच दिसेल असं धरलं आणि लोकांपुढे फिरवलं.

"लबाडी नको म्हणून तुम्हा सर्वांना दाखवतोय. पाहिलंत? शेवटच्या रांगेने पाहिलं? आता चिडीचूप! शब्द नाही, हात हलवायचा नाही. फक्त लेकराकडे प्रेमाने बघत राहा. प्रेमाचा उजेडच खिडकीतून आत जातो."

पंखेसुद्धा थांबले. पेनिनाचं इवलंसं बोट शंखावरून निघालं, होडीवर आलं, नारळावर आलं. तिचे डोळे मात्र टेबलावर नव्हते. ते लोकांवर होते. बोट कासवावर आलं आणि थांबलं.

"कासव!"

मास्तरांनी हातातलं चित्र वळवून तिला दाखवलं. कासव! हॉल कोसळायचाच बाकी राहिला. पुन्हा एकदा. डुक्कर! बरोबर! पुन्हा. शंख! म्हाताऱ्या बायका डोळे टिपायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं तिच्या लेकीकडे बघत होती.

"घरी रोज सराव करा," मास्तरांनी प्रमाणपत्र देताना बजावलं. "आईने समोर बसायचं. आणि लक्षात ठेवा, शंका आली की खिडकी मिटते. मग मला बोल लावू नका."

सराव सुरू झाला. दहापैकी नऊ वेळा बोट बरोबर जागी थांबायचं. लांगीने सहाव्या प्रश्नाखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'माझी मुलगी न दिसणारं चित्र ओळखते.' सोबत प्रमाणपत्र जोडलं आणि अर्ज पाठवला. तीन आठवडे घरात दुसरं काही बोललं गेलं नाही. पावसाचं पाणी गटारात गोल का फिरतं, विमानातल्या माणसांना आपण दिसतो का, असलं काही पेनिना मध्येच विचारायची. "आधी चित्र," लांगी म्हणायची. हळूहळू पेनिनाने विचारणं सोडलं. पोर शहाणी झाली, असं लांगीला वाटलं.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं. लांगीने कामाची पाळी बदलून घेतली, पेनिनाचे केस घट्ट विंचरून वेणी घातली. वर्गाच्या प्रमुख रोझलिनबाईंनी पेनिनाला टेबलाशी बसवलं आणि लांगीला तिच्या पाठीमागची बुटकी खुर्ची दिली.

टेबलावर पाण्याने भरलेली परात आणि दोन संत्री. एक सोललेलं, एक सालीसकट.

"पाण्यात टाकली तर यातलं कुठलं बुडेल? तुला काय वाटतं?"

पेनिनाचं बोट उठलं. सोललेल्यावर गेलं, सालीवाल्यावर गेलं, परत आलं. मग तिची मान मागे वळली.

"आई इथेच आहे बरं का," बाई हळूच म्हणाल्या. "पण मला तुझं म्हणणं ऐकायचंय. चुकलं तरी चालेल."

बोट हवेतच फिरत राहिलं. नवा प्रश्न, पुन्हा तेच. अर्धा तास पोरीच्या तोंडून शब्द फुटला नाही. टाकून तर बघ, म्हणून बाईंनी संत्री तिच्या हातात दिली, तर ती धरूनच बसली. लांगीला उठून तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. बोल ना गं! घरी टकळी चालू असते ना तुझी!

शेवटी रोझलिनबाईंनी अर्ज पुढे ओढला. "चित्रांचं वाचलं मी. ते राहू दे. घरी ती काय विचारते, ते सांगा ना. अलीकडचा एखादा प्रश्न?"

लांगीने तोंड उघडलं. तिला एकही आठवेना. महिनाभरात तिने लेकीला इतक्या वेळा गप्प केलं होतं, की गप्प करण्याआधी ती काय म्हणत होती तेच उरलं नव्हतं.

"पुढच्या सत्रात पुन्हा आणा तिला," बाई म्हणाल्या. सूर प्रेमळ होता, त्यामुळे जास्तच लागला.

घरी लुपे चहा करून वाट बघत होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "तू बसली होतीस कुठे?"

"मागे. का?"

"आणि अपेलूच्या हॉलमध्ये?"

"समोर. सगळेच समोर होते."

लुपेने कप खाली ठेवला. "लांगी, मी पोरांचे कान तपासते तेव्हा आईला कायम पोराच्या पाठीमागे बसवते. समोर बसवलं ना, तर ठार बहिरं पोरही शिट्टी वाजली की बरोबर हात वर करतं. ते शिट्टी ऐकत नाही. आईचं तोंड बघतं."

"म्हणजे मी खुणा करते? माझ्याच लेकीला लबाडी शिकवते?"

"तू करत नाहीस गं बाई. तुझ्याकडून होतं."

"तुला नाही बघवत, लुपेताई! आमचं काही चांगलं झालेलं तुला कधी बघवलंच नाही!"

"बरं, नाही बघवत," लुपे म्हणाली. "शनिवारी तो पुन्हा हॉलमध्ये येतोय. तपासून बघ. मी खोटी ठरले तर वर्षभर तुझी भांडी घासेन."

लांगी दोन दिवस नणंदेशी बोलली नाही. पण पोरीने वळवलेली मान काही डोळ्यांपुढून जाईना.

शनिवारी अपेलू मास्तरांनी "आमची चमकती चांदणी!" म्हणून पेनिनालाच पहिली बोलावली. चित्र काढलं, लोकांना दाखवलं. "आता चिडीचूप..."

"थांबा," लांगी उभी राहिली. "मला एक बघायचंय. सगळ्यांनी खुर्च्या फिरवा. भिंतीकडे तोंड करून बसा."

"शंका!" मास्तर ओरडले. "शंका आली! खिडकी मिटली!"

"अहो मास्तर, पुठ्ठ्यातून आरपार दिसतं म्हणता," लुपे मागून म्हणाली, "मग आमच्या पाठींचा कसला अडसर?"

सगळ्यांच्या नजरा महिला मंडळाच्या प्रमुख म्हाताऱ्या मेलेकडे गेल्या. तिच्या शब्दाबाहेर त्या हॉलमध्ये खुर्चीच काय, झाडूसुद्धा हलत नसे. मेलेने पंखा मिटला आणि स्वतःची खुर्ची गर्रकन भिंतीकडे वळवली. तिच्यामागोमाग अख्खा हॉल खरखरत फिरला.

लांगीही भिंतीकडे वळली.

"आई," मागून बारीक आवाज आला. "कुणीतरी माझ्याकडे बघा ना."

"तू ओळख, बाळा."

"होडी?" मग जरा थांबून, "नारळ? डुक्कर?"

एवढ्यात बस चालवणाऱ्या सिआओसीला राहवलं नाही. गडी हळूच मान वळवून बघू लागला. पेनिनाचं बोट टेबलावरून सरकलं आणि लगेच आनंदाची आरोळी आली: "शंख! शंखच आहे! सिआओसीकाकांनी 'हो' म्हटलं!"

"मी? मी कुठे काय बोललो?" सिआओसी दचकला.

"असं केलं ना तुम्ही," पेनिना म्हणाली, आणि तिने आपल्या चिमुकल्या भुवया उडवून दाखवल्या.

मग कुणीतरी शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने भुवया उडवल्या, आणि दोघेही फिस्सकन हसले. सगळ्या हॉलभर ते हसू पसरलं. पाळण्यातल्या पोरालाही आमच्यात ती खूण कळते. बोट बरोबर चित्रावर आलं, की शे-दीडशे माणसं न बोलता, न ठरवता 'हो' म्हणत होती. चित्र सगळ्यांना दाखवण्यातला प्रामाणिकपणा कशासाठी होता, पोरांना लोकांकडे तोंड करून का बसवत होते, चिडीचूप कशाला हवं होतं, ते एका झटक्यात उघडं पडलं.

"म्हणून हा बाबा शहराच्या पलीकडच्या बंगल्यांत जात नाही," लुपे म्हणाली. "तिथल्या गोऱ्या पापालांगींच्या भुवया हलतच नाहीत! याची खिडकी उघडायची कशी?"

अपेलू मास्तर "विघ्नसंतोषी लोक! नकारात्मक लहरी!" असं पुटपुटत चित्रं गोळा करायला लागले. मेलेने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पांढरे बूट मागच्या दाराने गेले. जाताना शंखाचं चित्र खाली पडलं, तेही उचलायला ते थांबले नाहीत.

"पण मुलं तर खूश होती," कुणी बाई रडवेल्या आवाजात म्हणाली. "थोडं खोटं असलं म्हणून काय बिघडलं?"

उत्तर लुपे देणार होती, पण लांगीच बोलली. "माझं बिघडलं. महिन्यापूर्वी माझी पोर वस्तूंकडे बघून प्रश्न विचारायची. आता माणसांच्या तोंडाकडे बघून उत्तर शोधते. मीच शिकवलं तिला ते, रोज संध्याकाळी, समोर बसून." ती बायकांकडे वळली. "चमत्कार दाखवणारा सांगेल तिथे बसू नका गं बायांनो. खुर्ची फिरवून बघा. खरं असेल ते आपण पाठ फिरवली तरी खरंच राहील."

लुपेने पुढे येऊन तिचा हात धरला. "भांडी वाचली माझी," ती कानात म्हणाली. लांगीला हसू आलं आणि रडूही आलं.

घरी जाताना पेनिना आईचा हात धरून फुटपाथच्या फरश्यांवरून उड्या मारत होती. हरल्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

"आपण त्या संत्र्याच्या बाईंकडे परत जायचं?"

"हो. पुढच्या सत्रात."

"तेव्हापण तू मागेच बसणार?"

"मागेच. आणि तुला जे वाटेल ते तू सांगायचं. माझ्याकडे बघायचं नाही."

पेनिनाच्या उड्या थांबल्या. ती विचारात पडली. अगदी कपाळाला आठी घालून, बऱ्याच दिवसांनी. मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं. लांगीने पटकन आपला हात कपाळावर ठेवून भुवया झाकल्या.

"पण आई, तू दिसतच नसलीस, तर माझं बरोबर आहे हे मला कसं कळणार?"