कमानीच्या अलीकडे

"आणिक हवा सोड की रं! आणिक!" सुलाबाई ओरडली.

जयराजनं टँकरच्या चाकांतली निम्मी हवा केव्हाच सोडली होती. गाडी बसल्यासारखी खाली आली होती, तरी टाकीचं झाकण कमानीला अडतच होतं. त्यानं पुन्हा बसून गाडी बोटभर पुढं घेतली. वरून कर्रर्र आवाज आला, नव्या रंगाचे पोपडे काचेवर पडले आणि शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवरून कुणीतरी 'ए, ए' करून बोंबललं.

"न्हाई जात, मावशी," जयराज खाली उतरत म्हणाला. "आता कमान तरी पाडा, न्हाईतर माझा टँकर तरी मोडा."

"गेल्या साली तर जात हुतास की!"

"गेल्या साली कमान कुटं हुती?"

सुलाबाईनं मान वर करून कमानीकडं पाहिलं. ही कमान तिनंच उभी केली होती. विटा वाहिल्या नव्हत्या, पण भर सभेत हात वर केला होता.

सुलाबाई गडदे ग्रामपंचायतीची सदस्य होती. गावाच्या वरच्या अंगाला माळावर धनगरांची वस्ती. तिथली जागा बाईसाठी राखीव झाली आणि ती निवडून आली. बाकीच्या बाया सदस्यांचे नवरे सभेला येऊन बसत, चहा पीत आणि बायकांच्या नावानं बोलत. सुलाबाईचा नवरा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन कऱ्हाडाकडं नदीकाठानं हिंडायचा. त्यामुळं ती स्वतःच सभेला जायची. निवडून आल्यावर ती नाव लिहायला शिकली. स्वतःचं नाव तेवढं तिला वाचता यायचं.

तिची मागणी एकच. गावात घरोघरी नळ आले होते, वस्तीपर्यंत पाइपलाइन आली नव्हती. उन्हाळा लागला की वस्ती टँकरच्या तोंडाकडं बघत बसायची. दर महिन्याच्या सभेत ती उठायची, "आमच्या पाइपलाइनचं काय?" विचारायची आणि सरपंच इंद्रजित मान डोलवून म्हणायचा, "पुढच्या सभेला घिऊ, मावशी." ग्रामसेवक तेवढ्यात पुढचा विषय काढायचा.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधी इंद्रजित तिच्या घरी आला होता. बाजल्यावर बसला, तांब्याभर ताक प्याला. गावचे लालासाहेब कोइमतूरला सोनं गाळायच्या धंद्यात मोठे झाले होते. त्यांना कैलासवासी वडील आप्पासोंच्या नावानं कमान बांधायची होती, आणि तीही आपल्या नव्या बंगल्याला लागून, म्हणजे वस्तीच्या रस्त्यावर.

"रस्ता तुमच्या वस्तीचा," इंद्रजित म्हणाला. "तुमी हात वर केला की कुणाची बोलायची टाप न्हाई. तेवडं करा. पुढच्या सभेला तुमची पाइपलाइन पयली."

"पयली?"

"आईशपथ, मावशी."

तिनं हात वर केला. टाळ्या पडल्या. तिला पेढा मिळाला आणि तिनं तो खाल्ला.

पुढच्या सभेला सरपंच गावात नव्हता. त्याच्या पुढच्या सभेला निधी नव्हता. मग आचारसंहिता लागली, मग ग्रामसेवकाची बदली झाली, आणि नवा आला त्यानं "प्रस्ताव नव्यानं करावा लागेल" म्हणून सांगितलं. कमानीला मात्र कसली आचारसंहिता आडवी आली नाही. दिवाळीला पाया भरला, संक्रांतीला वरचं कळस-सिंहासकट सगळं उभं राहिलं. मार्च आला तेव्हा पंचायतीच्या खात्यात थोडा निधी शिल्लक राहिला होता. खर्च केला नाही तर परत जाणार, म्हणून इंद्रजितच्या चुलतभावानं घाईघाईनं कमानीखालच्या रस्त्यावर काँक्रीट ओतलं. जुना रस्ता उकरायची तसदी कोण घेतो? जुन्यावरच वीतभर जाड थर चढवला. वरची कमान तिथंच राहिली आणि खालचा रस्ता वर आला. हे गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुलाबाई त्या रस्त्यानं रोज जायची, तिच्याही नाही. याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

टँकर अडला तशी ती तडक पंचायतीत गेली.

"कमान फोडा," ती म्हणाली.

इंद्रजित हसला. "आवं मावशी, अजून उद्घाटन व्हायचं हाय. लालासाहेब यात्रंला येणार. त्यांच्या वडलांचं नाव हाय तिच्यावर."

"मग रस्ता उकरा."

"मार्चात केल्याला रस्ता मे म्हयन्यात उकरला तर आम्हाला आत घालत्याल," नवा ग्रामसेवक मान वर न करता म्हणाला.

"मग आमी काय करायचं?"

"टँकर कमानीपाशी हुबा राहील," इंद्रजित म्हणाला. "तिथनं न्यायचं. तेवडाच बायकांना व्यायाम. शहरात ह्याला पैसं मोजत्यात."

बसलेले सगळे हसले. हसणाऱ्यांत दोन बाया सदस्यांचे नवरेही होते. सुलाबाईची कानशिलं तापली. बोलायला गेली तर रडू येईल, आणि रडलेलं त्यांना हवंच असेल, म्हणून ती उठून बाहेर पडली.

तेव्हापासून वस्तीच्या बायका कमानीपासून चढावर पाणी वाहू लागल्या. ऊन, खडी, आणि डोक्यावर घागर. तिची शेजारीण तानुबाई म्हातारी. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तीही यायची. इंद्रजितच्या ठेकेदार चुलतभावानं कडेला तसाच टाकलेल्या राडारोड्यावर तिचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. सुलाबाई तिला घेऊन विट्याच्या दवाखान्यात गेली. शुद्धीत आल्यावर म्हातारी पहिलं काय बोलली, तर, "भरल्याली घागर हुती गं, सगळी सांडली." सुलाबाईनं तिचा हात धरला. आपण एकदा हात वर केला त्यानं हिचा पाय गेला, असं तिला वाटलं आणि ते मनातून जाईना.

यात्रेच्या दिवशी उद्घाटन ठरलं. बाया सदस्यांनी फेटे बांधून लालासाहेबांना ओवाळायचं, असा निरोप आला. सुलाबाई आली, पण फेटा न बांधता, कडेवर घागर घेऊन. ती टँकरची वेळ होती. मागं वस्तीच्या बायका होत्या. टँकर कमानीच्या अलीकडं उभा, त्याच्या पुढं मांडव, आणि स्पीकरवर हलगी.

लालासाहेबांनी दोरी ओढली. खांबावरचा पडदा बाजूला झाला आणि संगमरवरी पाटी दिसली. वर आप्पासोंचं नाव, खाली सरपंचाचं, त्याखाली सगळ्या सदस्यांची. त्या काळ्या ओळींत एक नाव सुलाबाईला वाचता आलं. तिचंच होतं ते.

ती पुढं झाली. "सायेब, तुमच्या कमानीखालनं आमचा टँकर जात न्हाई. आमची तानुबाई पाय मोडून पडलीया."

लालासाहेब गोंधळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी इंद्रजितकडं पाहिलं. "मला कुणी सांगितलंच न्हाई वो. तुमी रागावू नका, वैनी. बगू या, पावसाळा झाला की कायतरी करू."

"पावसाळ्यात टँकर लागत न्हाई, सायेब."

पाटी बसवणाऱ्या गवंड्याची पिशवी खांबाला टेकून ठेवली होती. सुलाबाईनं घागर खाली ठेवली, पिशवीतून छन्नी-हातोडा काढला आणि पहिला घाव घातला. टवका उडाला.

"आवं मावशी! काय लावलंय!" इंद्रजित धावला. "संगमरवर हाय त्यो!"

"लांब हो, इंद्रजित." आजवर ती त्याला सरपंच म्हणत आली होती. "माझं नाव काडतीया. तुझ्या नावाला हात लावत न्हाई. तुझं ऱ्हाऊ दे, गावाला कळू दे."

त्यानं हात पुढं केला, पण वस्तीच्या बायका घागरी घेऊन मधे उभ्या राहिल्या. स्पीकर कुणीतरी बंद केला. माळावर नुसते घाव ऐकू येत होते. सदस्यांचे नवरे दुसरीकडं बघू लागले, लालासाहेब उपरणं हातात घेऊन तसेच उभे राहिले. तिचे घाव नीट बसत नव्हते, बोटं सोलली, पण तिनं घाई केली नाही. एक अक्षर राहिलं होतं तेही काढलं.

मग तिनं छन्नी-हातोडा पदरानं पुसून गवंड्याला परत दिला. जयराजनं न सांगता टँकरचा नळ सोडला. तिनं घागर भरून घेतली, डोक्यावर चढवली आणि कमानीखालून, कुठंही न अडता, वस्तीच्या चढाला लागली.