पत्र्यामागचा हात

लोहाऱ्यात गाडीत स्पीकर बसवायचा आणि जागा अडचणीची असली, की लोक बालाजीच्या दुकानात येत. काम मात्र त्याची बायको दैवशाला करायची. बालाजीचा पंजा रुंद, दाराच्या पोकळीत तो मनगटापुढं जात नसे. दैवशाला अंगठा तळव्यात मुडपून लोट्याच्या तोंडाएवढ्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालायची आणि आतला नट नुसत्या बोटांनी शोधून पकडायची. कामाला बसण्याआधी बांगड्या काढून ती देवळीत ठेवी. लग्नानंतर दोन वर्षांनी सुरू केलेलं हे काम आता बारा वर्षांचं झालं होतं, आणि तिनं हात घातला नाही अशी गाडी लोहारा तालुक्यात क्वचितच असेल.

त्या गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला महांतप्पा त्यांची व्हॅन घेऊन आले. माकणीचे साठीतले शेतकरी. जूनमध्ये त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली होती आणि धरणाकडच्या वस्त्यांवरची बारा मुलं ते रोज लोहाऱ्याच्या शाळेत आणत, संध्याकाळी परत नेत. त्यात त्यांची दुसरीतली नात शिवरंजनीही होती. मुलं मागं फार दंगा करतात, तेव्हा त्यांना पाढे आणि कविता ऐकवायच्या, असं त्यांच्या मनात होतं. पण सीटखाली मुलांची दप्तरं, वर टपाला जागा नाही. स्पीकर आणि त्याचा अॅम्प्लिफायर दोन्ही मागच्या चाकावरच्या पत्र्याआड, पोकळीत गेले पाहिजेत. आणि पावणेपाचला शाळा सुटायच्या आत.

दैवशाला मागची सीट काढून व्हॅनमध्ये कुशीवर आडवी झाली. पुठ्ठ्याचं आवरण काढलं तेव्हा आतल्या पत्र्याला एक मूळचंच गोल भोक दिसलं. त्यातून तिनं डावा हात आत घातला. अॅम्प्लिफायरची लाल तार पुढच्या सीटखालच्या बॅटरीपासून तळाच्या गालिच्याखालून मागं आणलेली होती. तिचं टोक सोलून तिनं ते पत्र्याच्या तळच्या एका बारीक भोकातून आत ओढून घेतलं. मग उजव्या हातानं बॅटरीवरचं ड्रिल मशीन धरून पत्र्याला स्क्रूसाठी भोकं पाडायला सुरुवात केली.

पहिलं भोक पडलं. दुसरं पाडताना ड्रिलच्या टोकाशी करडी धूळ आली. जुन्या गाडीत गंज असतोच, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. पण ती धूळ तांबूस नव्हती. खिडकीतून आलेल्या उन्हात ती चमकत होती. तिनं ड्रिल थांबवलं. तळव्यात तार तशीच धरून आतल्या हाताची बोटं पोकळीच्या तळाला नेली. तिथं पिठासारखं मऊ काहीतरी बोटाच्या पेराएवढं साठलेलं होतं.

मग वास आला. गंधकाचा.

दैवशालाची मावशी कोंडाबाई तेरखेड्यात फटाक्यांच्या कामाला जायची. लहानपणी सुट्टीत दैवशाला तिच्याकडं राहायची. मावशी संध्याकाळी घरी आली की उंबऱ्याबाहेरच उभी राहून हात, तोंड, केस धुवायची आणि तोपर्यंत पोरांना जवळ येऊ द्यायची नाही. तिचे हात कोपरापर्यंत चंदेरी असायचे. ड्रिलच्या टोकाला तोच रंग होता.

दैवशालानं उजव्या हाताचं बोट ड्रिलच्या बटणावरून हळूच उचललं. टोक अजून भोकातच होतं आणि गरम होतं. तिनं ते तसंच राहू दिलं.

"अप्पा," ती आतूनच म्हणाली, "ही गाडी आधी कुणाची हुती?"

महांतप्पा बाहेर खुर्चीवर बसले होते. एका व्यापाऱ्याची, म्हणाले. कसला व्यापारी, असं तिनं विचारलं तर किराणा वगैरे, असं ते गुळमुळीत बोलले. दैवशालानं आवाज न चढवता सांगितलं, की पत्र्यामागं फटाक्याची दारू साठली आहे आणि माझा हात त्यात आहे. खरं काय ते आत्ता सांगा.

महांतप्पा उठून दाराशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. गाडी फटाक्याचा माल वाहत होती, हे त्यांना घेतानाच माहीत होतं. गोण्या फाटायच्या, सांडायचं. त्यांनी गाडी आतून तीनदा धुऊन घेतली होती. पत्र्याच्या आतही काही असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि लोकांना सांगितलं असतं तर कुणी पोरं बसवली नसती.

हे सांगता सांगता ते एकदम म्हणाले की आजूबाजूला दुकानं आहेत, गाडी आधी गावाबाहेर मोकळ्यात नेतो. आणि चावी काढून पुढच्या दाराकडं वळले.

"चावीला हात लावू नका," दैवशाला म्हणाली. "अप्पा, म्या आत हाय."

बालाजीनं पुढं होऊन त्यांच्या हातातून चावी घेतली. तोवर दैवशालाचं लक्ष आपल्या डाव्या मुठीकडं गेलं होतं. मुठीत लाल तारेचं सोललेलं टोक होतं. बॅटरीकडची बाजू अजून जोडलेली नाही, असं ती धरून चालली होती. त्यांच्या दुकानाचा नियमच तो होता. आतलं सगळं काम झाल्याशिवाय बॅटरीवर तार चढवायची नाही. तरीही तिनं विचारलं.

बालाजीनं पुढच्या सीटखाली एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाला, "जोडलीया. अप्पाला घाई हुती म्हणून तू आत असतानाच कसून टाकली. फ्यूज बी न्हाय घातला."

तारेत करंट होता. ते उघडं टोक पत्र्याला टेकलं असतं तर ठिणगी पडली असती, आणि पोकळीत चारी बाजूंनी पत्राच होता. बारा व्होल्टनं हाताला काही होत नाही. म्हणून टोक मुठीत आहे तोवर धोका नव्हता. पण भोक एवढं लहान होतं, की मूठ उघडून, अंगठा मुडपूनच हात बाहेर येणार. मूठ उघडली तर तार सुटणार. तिनं मूठ घट्ट केली.

बालाजी बॅटरीवरची तार काढायला पान्हा आणायला धावला, पण तिथंही पूड असेल म्हणून तिनं त्याला थांबवलं. मावशीला फोन लाव, पण इथं नको, रस्त्याच्या पलीकडं जाऊन लाव, असं सांगितलं. महांतप्पांना तिनं शेजारपाजारच्या लोकांना हलवायला सांगितलं. ते गेले. दारोदार जाऊन काय सांगत होते, ते तिला ऐकू येत नव्हतं. फक्त एकामागून एक शटर खाली ओढल्याचे आवाज आले आणि मग रस्ता गप्प झाला. ती एकटी कुशीवर पडून होती. गाल तळाच्या पत्र्याला टेकलेला. दाराच्या फटीत मुलांच्या पायांची वाळलेली माती आणि पेन्सिलीला टोक केल्यावर निघालेली सालं दिसत होती. आज सकाळीच बारा मुलं इथं बसून आली होती, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर पाय आपटत. तिनं डोळे मिटले, पण मिटल्यावर जास्तच दिसायला लागलं, म्हणून पुन्हा उघडले.

बालाजी परत आला. मावशीनं सगळं नीट विचारून घेतलं होतं. पूड सुकी आहे का, हलते का, दुसरी कुठं सांडलेली दिसते का. मग तिनं सांगितलं होतं, की आधी भिजवा, बाकीचं मागनं. झटकायची नाही, पुसायची नाही, लोखंडावर लोखंड घासायचं नाही. पाण्याचा जोर नको, पूड उडाली तर आणखी वाईट. चिखल होईस्तोवर भिजवा. आणि पोरीला म्हणावं, घाई करू नको.

प्रश्न पाणी आत न्यायचा होता. तांब्यानं ओतलं तर ते तिच्या हातावरून ओघळून खालीच येणार. वरच्या कोपऱ्यातली पूड तशीच राहणार. दैवशालानंच मग फवारणीच्या पंपाचं नाव काढलं. पाठीवरचा, हातानं दांडा मारायचा. लांब नळी ड्रिलनं पाडलेल्या पहिल्या भोकातून आत जाईल असं तिला वाटलं. नाही गेली, भोक बारीक होतं. पण तिच्या दंडाच्या वरच्या बाजूला बोटभर फट होती, तिथून गेली. शेजारच्या खताच्या दुकानातला कोरा पंप महांतप्पा घेऊन आले. बालाजीनं तोंडावरची जाळी काढून टाकली, म्हणजे फवारा न उडता पाणी नुसतं गळेल.

त्याला दैवशालानं बाहेर जायला सांगितलं. पंप अप्पांना बाहेरून मारता येईल, तू रस्त्यापलीकडं थांब, असं ती म्हणाली. घरी दोघांची मुलगी आरोही होती. दोघांनी आत राहायचं काही कारण नव्हतं.

बालाजी तिच्यामागं गुडघ्यांवर बसला आणि नळीचं तोंड तिच्या दंडावरून आत सरकवलं. महांतप्पा दाराबाहेर पंप धरून दांडा हलवू लागले. "सावकाश, अप्पा," एवढंच बालाजी म्हणाला.

गार पाणी तिच्या दंडाला लागलं. पहिल्यांदा पत्र्यावरून ओघळ उतरला, मग बोटांखालची पूड गारठली. नळी कुठं वळवायची ते ती सांगत होती, कारण आतलं फक्त तिलाच कळत होतं. डावीकडं चार बोटं. वर. आणखी वर, तिथं कोपरा आहे. कोपऱ्यातून एक ढेप सुटून तिच्या मनगटावर पडली तेव्हा तिघंही थांबले. काही झालं नाही. बालाजीचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

मुठीत मुंग्या येऊ लागल्या होत्या. आधी करंगळी बधिर झाली, मग तिच्या शेजारचं बोट. पंधरा मिनिटांनी तार आपल्या मुठीत आहे की नाही, हे तिला नुसत्या स्पर्शानं सांगता येईना. ती मनातल्या मनात एकेक बोट आवळून पाहत राहिली. हाताला पाणी लागल्यानं तार निसटते आहे असं दोनदा वाटलं. हे तिनं बालाजीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं घाई केली असती.

अखेर बोटांखाली चिखल लागला. सगळीकडं. ड्रिलचं टोक होतं त्या भोकातूनही करडं पाणी खाली येत होतं. मग बालाजीनं पुढच्या सीटखाली, बॅटरीच्या भोवतीही पाणी सोडलं.

आता तार सोडवायची. बॅटरीची काळी तार काढायची नाही, हे तिनं त्याला बजावलं. गाडीतला दिवा चालू होता. त्याचा करंट तुटताना ठिणगी पडली असती. लाल तार मात्र मोकळी होती, तिचं दुसरं टोक कुठंच जोडलेलं नसल्यानं तिच्यातून काही वाहत नव्हतं. फक्त पान्ह्याचं दुसरं टोक कुठं पत्र्याला लागता कामा नये. बालाजीनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा पान्ह्यावर गुंडाळला आणि पुढं गेला.

त्याला नट सापडेना. सीटखालची जागा अरुंद, त्याचा पंजा मोठा. दैवशालाला तो दिसत नव्हता. नुसतं रबर घासल्याचं ऐकू येत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "हात भाईर काढा. करंगळीकडची बाजू खाली करून परत घाला. दोनच बोटं लावा. पान्हा बसला की बोला."

बराच वेळ गेला. मग बालाजी म्हणाला, "बसला."

"आता माझ्याकडं वळवा. थोडं थोडं."

एक करकर. दुसरी. मग बालाजीचा आवाज, "निघाली. हातात हाय माझ्या. दोन्ही हातांनी धरलीया."

तरीही दैवशालाला मूठ उघडवत नव्हती. मूठ ऐकतच नव्हती. तिला आधी अंगठा सोडवावा लागला, मग एकेक बोट. तार चिखलात पडली. तिनं अंगठा मुडपला आणि हात बाहेर ओढला. दंडावर कातडं सोलून निघालं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. व्हॅनमधून उतरून ती रस्त्यावरच बसली. हात कोपरापर्यंत चंदेरी झाला होता.

बालाजीनं बादली आणली आणि तिचा हात धुऊ लागला. नखांतली पूड निघेपर्यंत धूत राहिला. माझी चूक झाली, असं काहीतरी तो बोलायला लागला.

"व्हय, झाली," दैवशाला म्हणाली. "आज म्हणू नका काही. उद्या बोलू."

साडेचार वाजले होते. महांतप्पा भिंतीला टेकून उभे होते, पंप अजून खांद्यावर. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, की गाडी आता पूर्ण धुऊन, वाळवून घेतली तर चालेल का. हे बाहेर कुणाला कळायची काही गरज आहे का. तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं होतं.

दैवशाला उठली. तिनं सांगितलं, की पोलिसांना बालाजी आत्ता कळवतोय, गाडीचा एकेक पत्रा उघडल्याशिवाय ती हलणार नाही. पोरांसाठी मघाशी फोन करतानाच बालाजीनं माकणीच्या जीपवाल्याला बोलावलं आहे.

"आन् घरोघरी तुमी सांगायचं, अप्पा. आज. आमच्याकडनं त्यांना कळलं तर ते वेगळं व्हईल."

महांतप्पा पंप खाली ठेवून शाळेकडं चालत गेले.

पोलिसांनी पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी तेरखेड्याहून एक जाणता माणूस आला, त्यानं सगळे पत्रे उघडायला लावले. नुसत्या मागच्या दोन पोकळ्यांतून घमेलंभर चिखल निघाला. पूड नुसती मोकळी पेटली असती तर भडका उडाला असता, पण पत्र्यात कोंडलेली म्हणजे बॉम्बच, असं तो म्हणाला. बालाजी ते ऐकून आत निघून गेला. रात्री जेवताना तो आणि दैवशाला पहिल्यांदा त्या तारेबद्दल बोलले. बोलणं लांबलं, आणि तिनं काही राखून ठेवलं नाही.

महांतप्पा चार दिवसांनी दुकानात आले. बाराच्या बारा घरी आपण स्वतः गेलो, असं त्यांनी सांगितलं. दोन घरी शिव्या खाल्ल्या. एकानं अंगावर धावून येऊन गळपट्टी धरली, त्याला बायकोनं आवरलं. शेवटी ते धुळाप्पा धनगराच्या वस्तीवर गेले. त्याच्या म्हाताऱ्या आईची, म्हाळसाबाईंची, दोन नातवंडं त्यांच्या गाडीत असायची. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तुमची नात बी त्यातच बसत हुती का.

"व्हय म्हणालो," महांतप्पा म्हणाले. "ती उठली, पाणी आणून दिलं. म्या पिलो न्हाय. पिववलंच न्हाय."

बाराही मुलं आता एस.टी.नं जातात. शिवरंजनीही. फाट्यापर्यंत दीड कोस चालावं लागतं. महांतप्पा सकाळी सगळ्या पोरांसोबत तेवढं चालतात, त्यांना एस.टी.त चढवतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभे राहतात.