पहारा बदलतानाची ललकारी

स्टेशनवरच्या स्फोटात एकेचाळीस माणसं गेली, त्याला तीन आठवडे झाले होते. पकडलेल्या माणसाच्या फोनवरची बोलणी शेजारच्या देशाच्या भाषेत होती आणि तपास खात्यात ती धड कुणालाच येत नव्हती. म्हणून दुभाषी बाईंना बोलावलं. बाईंची आई त्या देशातून लग्न होऊन इकडे आलेली. बोलावताना हे चाललं. काम सुरू झाल्यावर मात्र तेच सगळ्यांच्या डोळ्यांत सलायला लागलं. दारावर बाईंची पर्स रोज दोनदा उपसली जायची.

"या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तो म्हणतो, 'साहेबांनी माल पोचवला'," तपास अधिकारी म्हणाला. "लिहा, लष्करी अधिकारी."

"तो शब्द ते सासऱ्यालाही वापरतात, दुकानदारालाही. मी 'मोठे' असं लिहिलंय."

"म्हणजे त्या सरकारचा हात नाही म्हणता?"

"या शब्दावरून ते कळत नाही, एवढंच म्हणते."

"खाल्ल्या घरचे वासे मोजायला आईनं शिकवलं वाटतं."

उठून जावं, असं बाईंच्या मनात आलं. पण त्या उठल्या असत्या तर खुर्चीत कुणीतरी हवं ते लिहून देणारं बसलं असतं. त्या बसून राहिल्या. पुढचे चार दिवस त्यांना कुणी चहासुद्धा विचारला नाही.

पाचव्या दिवशी सातवं रेकॉर्डिंग आलं. दोन माणसं जुजबी बोलत होती आणि त्यांच्या मागे, लांबवर, कुणीतरी ओरडलं. बाईंनी ते अकरा वेळा ऐकलं. ती पहारा बदलतानाची ललकारी होती. बराकीबाहेर ती कुणी देत नाही. बाईंना माहीत होती, कारण त्यांचा मामा त्या सैन्यात होता आणि लहानपणी त्या आजोळी गेल्या की सुट्टीवर आलेला तो भाच्यांना खेळात रांगेत उभं करून हेच ओरडायचा.

फोन करणारा बराकीतून बोलत होता.

'मागे अस्पष्ट आवाज' एवढं लिहिलं असतं तरी खपून गेलं असतं. खरं लिहायचं म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या तोंडात आपल्याच हातानं घास घालायचा. तरी त्यांनी मिनिट-सेकंदासकट सगळं लिहिलं. मामाचं नातंही लिहिलं.

"मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," अधिकारी म्हणाला.

"तुम्ही अंदाज सांगत होतात. पहिल्या रेकॉर्डिंगमधलं 'मोठे' मी बदलणार नाही."

"आणि मामा शत्रूच्या सैन्यात, हे आजवर लपवलंत." त्यानं हात पुढे केला आणि त्यांचा पास काढून घेतला.

बाईंनी घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मेलेल्या भावाला चौकीवर नेलंस." मग तिनं बोलणं टाकलं.

आठवड्यानं खात्यातली दोन माणसं मामाची चौकशी करायला घरी आली. चाळीस वर्षं इथली भाषा सराईतपणे बोलणारी आई त्यांच्याशी फक्त आपल्या भाषेत बोलायला लागली. खात्याकडे दुसरं कुणी नव्हतं. बाईंनाच मध्ये बसावं लागलं.

"काय म्हणतात त्या?" एकानं विचारलं.

"म्हणते, भाऊ माझा सरळ माणूस होता," बाई म्हणाल्या. "आणि म्हणते, असली मुलगी पोटी येण्यापेक्षा वांझ राहिले असते तर बरं झालं असतं."

त्या माणसानं पेन थांबवलं.

"लिहा," बाई म्हणाल्या. "ती असंच म्हणाली."