माहिती मागितल्यास मिळेल

शरयू झोपली की तेजस्विनीचा दिवस उजाडायचा. दुपारची जेवणं आटोपली की झोळीला झोके द्यायचे, पोरीच्या मुठी सैल पडल्या की दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि मांडीवर लॅपटॉप उघडायचा. अंगठा हलता राहिला तर पाऊण तास मिळे. असले पाऊण-पाऊण तास जोडून तिने अवसरी बुद्रुकच्या विहिरींवरचा अख्खा प्रबंध गोधडीसारखा टाके घालत घालत पुरा करत आणला होता.

त्यातलाच एक लेख आता एका मासिकाकडे निघाला होता. लेखामागचे आकडे कुठे बघायला मिळतील, असं मासिकाने विचारलं होतं. त्या रकान्यासाठी तिच्या मार्गदर्शक सरांनी पुण्याहून एक ओळ पाठवली होती: ‘माहिती मागितल्यास मिळेल.’

ही ओळ तेजस्विनीच्या चांगली ओळखीची होती. काम सुरू केलं तेव्हा याच पट्ट्यातल्या विहिरींवरचा एक जुना अभ्यास तिला सापडला होता आणि त्याच्या तळाशी हीच ओळ होती. तिने मागितली. आधी नम्रपणे, मग आठवण करून देऊन, मग जवळजवळ रडकुंडीला येऊन. उत्तर एकदाच आलं. ज्या विद्यार्थ्याने काम केलं तो आता इथे नाही, फाइल सापडत नाही. म्हणजे कुणीतरी उन्हातान्हात या विहिरी मोजल्या होत्या आणि ते आकडे कुठल्याशा कपाटात मरून गेले होते. तिने पहिल्यापासून मोजायला घेतलं. मोजता मोजताच शरयूची चाहूल लागली.

पाचव्या महिन्यात ती एका कठड्यावर ओणवी झालेली सासूबाईंनी लांबून पाहिली. ठमाबाई खुरपं टाकून तरातरा आल्या.

“सर बाजूला. पोटुशी बाई इहिरीवर वाकती व्हय? आण तो टेप हिकडं.”

“आई, तो सरळ सोडावा लागतो...”

“लगीन झाल्यापासनं बादली सरळच सोडती मी. तू बस बांधावर आन् सांग काय करायचं.”

करायचं फार नव्हतं. टेपच्या टोकाला लोखंडी वजन, त्याच्या वर हातभर पट्टीला खडू फासलेला. टेप पाण्यात उतरवायचा, वर ओढायचा आणि खडू कुठवर भिजला ते वाचायचं. ठमाबाईंना ते लई आवडलं. तेजस्विनी बाळंतीण होऊन घरात बसली, तेव्हा त्या चुलतभावकीतल्या सुनेला, मंगलला, सोबतीला घेऊन विहिरी फिरल्या. येताना गावभरच्या बातम्या आणायच्या आणि त्यात आकडे पेरलेले असायचे. “बयाबाईची म्हस व्याली, आन् तिची इहीर हातभर उतारलीया.”

मंगलची स्वतःची विहीर अलीकडे माघातच तळ दाखवायची. पूर्वी ती उन्हाळा काढायची. गाव म्हणायचं, जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याने जागाच चुकीची सांगितली, मंगलच्या सासऱ्याने त्याच्या तळहातावर उभ्या राहिलेल्या नारळाला भुलून खड्डा खणला. बटाटा, कांदा सगळं बंद झालं आणि मंगल भरल्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून नारायणगावला टोमॅटो निवडायला जाऊ लागली.

आकडे मात्र दुसरंच सांगत होते. थ्री फेज लाइट आली आणि एका बोअरची मोटर चालू झाली की मंगलची विहीर उतरायची. मोटर जळून ती बोअर बंद पडली होती, तेव्हा मंगलची विहीर आपली आपण चढली होती. खडकातली एकच भेग दोघींना पाणी पुरवत होती, आणि बोअर खोल असल्याने पहिला घोट तीच घेत होती.

ती बोअर तेजस्विनीच्या सासऱ्यांची होती.

त्या दुपारी तिने सरांना फोन लावला. आवाज बारीक, अंगठा हलता.

“सर, अख्खी फाइल खुली टाकते. कुणालाही उतरवून घेता येईल अशी.”

“वेड लागलंय का? राबलीस तू. उद्या कुणीतरी एसीत बसून तुझे आकडे उचलेल आणि तुझ्याआधी पेपर छापेल. माझ्या बाबतीत झालंय ते.”

“छापू दे की, सर. आकडे कुणाचे हे तर लिहावंच लागेल त्याला.”

“तेजस्विनी, आधी डिग्री हातात येऊ दे. ती ओळ लिही आणि मोकळी हो. कुणी मागत नाही, अनुभव आहे माझा.”

“मी मागितली होती, सर.”

सर म्हणाले, “प्रबंधावर सही माझी लागते, एवढं लक्षात ठेव.” आणि फोन ठेवला.

ओट्यावर कांद्याची रोपं सोडवत बसलेल्या सासऱ्यांनी, चांगदेवनानांनी, सगळं ऐकलं होतं.

“सूनबाई, त्यात आपल्या बोअरचं बी हाय का?”

“आहे, नाना.”

“तेवढं काढ.”

“काढलं तर मंगलताईंची विहीर का उतरते, ते कुणालाच कळायचं नाही. मग पुन्हा पाणाड्यावरच ढकलावं लागेल.”

“ढकल की. तो मेला बी.”

तेजस्विनीला हसू आलं आणि रागही आला. “नाना, तुम्हीच म्हणाला होतात, आमच्या बोअरपासनं मोज, आमाला काय लपवायचंय. गावभर सांगत होतात, सून पाणी मोजती म्हणून.”

“तवा काय ठाऊक व्हतं, असलं काय निघंल! उद्या भावकी दारात यील. तू ह्या घरची का त्या घरची?”

तिने झोळीकडे पाहिलं. पोरगी ओठ मुडपून झोपली होती. मोठी झाल्यावर हिला काय सांगायचं? आईने मंगलकाकूची विहीर मोजली, पण मंगलकाकूला सांगितलं नाही?

तेवढ्यात मंगलच दारात उभी राहिली. टोमॅटोने हिरवी-काळी पडलेली बोटं, पदरात शरयूसाठी चार लाल फळं.

“आज लवकर सुटले. काय चाललंय एवढं?”

“तुझ्याच इहिरीचं,” ठमाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या.

नानांनी खाकरून इशारा केला. ठमाबाईंना तो ऐकूच आला नाही.

“माझ्या इहिरीचं काय, तेजू?”

तेजस्विनीने लॅपटॉपचा पडदा मिटला नाही. “सरांनी लिहायला सांगितलंय, माहिती मागितल्यास मिळेल.”

“कुणी मागितल्यास?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“मग मी मागती,” मंगल म्हणाली. “दे.”

“मंगल, तू घरी जा,” नाना उठले. “हे शाळेचं काम हाय, तुला त्यातलं काय कळतंय?”

“अवं, बसा खाली!” ठमाबाईंनी फुंकणी आपटली. “ऊन डोक्यावर घिऊन टेप मी सोडला. ही माझ्यासंगं व्हती. आमचा आकडा खोडणारं तुमी कोण?”

तेजस्विनीने मंगलला शेजारी बसवलं. निळी रेघ तुमची विहीर, तांबडी आपली बोअर. तांबडी चालू झाली की निळी खाली. तांबडी थांबली की निळी वर. मंगल बराच वेळ बघत राहिली. काळं बोट पडद्यापासून जरा लांब धरून तिने निळी रेघ शेवटपर्यंत गिरवली.

“म्हंजी पाणाड्या खरा व्हता,” ती म्हणाली. “माझा सासरा त्या नारळापायी मरस्तोवर बोलणी खात राहिला.”

नानांनी कांद्याची रोपं पुन्हा पुढ्यात ओढली.

तेजस्विनीने सरांची ओळ खोडली. सगळ्या विहिरी, सगळ्या बोअर, नानांचीसुद्धा, अशी पूर्ण फाइल तिने इंटरनेटवर खुल्या जागी चढवली. मोजणाऱ्यांत ठमाबाई आणि मंगल ही दोन नावं घातली. सरांना कळवलं. सांजेला उत्तर आलं: ‘या लेखातून माझं नाव काढावं. प्रबंधाचं नंतर बघू.’ तिने ते परत वाचलं, शरयूला वरणभात भरवला आणि केलेलं काही मागे घेतलं नाही. काही दिवसांनी ओतूरच्या कॉलेजातल्या कुण्या मुलीचा निरोप आला: ‘ताई, तुमची फाइल उतरवून घेतली. आमच्या गावच्या विहिरींशी ताडून बघते.’ तिला मागावी लागली नव्हती, वाट बघावी लागली नव्हती. तेजस्विनी तो निरोप दिवसभर उघडून बघत राहिली.

नाना तिच्या हातचा चहा घेईनात. पारावर त्यांनी सांगून टाकलं, पोरीचे आकडे खोटे हायेत, बायकांनी टेप सोडल्यावर असंच व्हणार. गेणभाऊ, नानांचा लहानपणापासूनचा खोडकर सोबती, म्हणाला, “मग तू सोड की राव. का वाकवत नाय आता?”

ते नानांच्या वर्मी लागलं. घरी येऊन ते उंबऱ्यातूनच म्हणाले, “मीच मोजणार. समद्यांसमोर.”

“मोजा ना, नाना,” तेजस्विनी म्हणाली. “कुणालाही मोजून बघता यावं, म्हणून तर आकडे उघडे ठेवलेत.”

त्या आठवड्यात शेतीची लाइट सकाळची होती. भावकी मंगलच्या विहिरीवर जमली. नानांनी खडू फासला, टेप सोडला, वर ओढून आकडा वाचला. बोअर चालू केली. गप्पा झाल्या, चहा झाला, गेणभाऊने दोनदा विचारलं, “चांगदेवा, खडू नीट लावला ना, का तो बी पाणाड्याचा?” ऊन माथ्यावर आलं तसा नानांनी खडू पुन्हा फासला आणि टेप सकाळच्याच मापाला सोडला. वर आला तो कोरडाच होता. सकाळी जिथे पाणी होतं तिथे ते उरलंच नव्हतं.

नानांनी खडूवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. त्यांनी टेप आणखी खाली सोडला, कठड्यावर पार ओणवं होऊन. ठमाबाईंनी मागून त्यांचा सदरा धरला. या खेपेला खडू भिजला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी नवा आकडा मोठ्याने वाचला. आवाज जरा चिरकला, पण वाचला.

मंगल बांध ओलांडून नानांच्या रानात गेली, स्टार्टरची पेटी उघडली आणि लाल बटण दाबलं. मोटरची घरघर थांबली. तिला कुणी अडवलं नाही.

“काय बघतीस?” नाना तेजस्विनीवर खेकसले. “लिही. मोटर बंद केल्याची येळ बी लिही. पानी चढतंय का नाय ते संध्याकाळी मीच मोजणार.”

शरयूला कडेवर सरकवून तेजस्विनीने लिहायला घेतलं.