मागे राहिलेल्याला हाक

आदिवासी पोरांना घरून उचलून आणून कोंडायची ती पाद्र्यांची शाळा कधीच पाडली होती. उरलं होतं ते कुंपण आणि मागचं रान. त्या रानात कुठेतरी फिलोमीन म्हातारीचा धाकटा भाऊ पुरलेला होता. नेमका कुठे, ते पुरणाऱ्यांनाच ठाऊक, आणि तेही आता मरून गेले.

आज अशा शाळांत मेलेल्या पोरांच्या आठवणीसाठी नारिंगी शर्ट घातलेल्यांची गर्दी जमली होती. सरकारी साहेबसुद्धा नारिंगी. वरातीमागून घोडं!

"आजी, दोन शब्द बोला ना," साहेब म्हणाला.

"दोनच? जन्मभर तोंडं शिवलीत आमची, आणि आता दोन शब्द होय!"

भाची डार्लाने कोपराने ढोसलं. "मावशी, जरा गोडीनं."

"गोडी गेली चुलीत. मी भाषणाला नाही आले, त्याला घरी न्यायला आलेय."

मुक्काम हलवताना त्यांच्या क्री जमातीतला माणूस पोरांना नावानं हाक मारतो. नाहीतर पोर निघतं, पण त्याचा जीव तिथेच घुटमळत राहतो. भावाला इथून कुणी हाक मारलीच नव्हती. तो गेल्याचं आईला कळलं तेच मुळी बर्फ वितळल्यावर.

साहेबाने माइकवर नाव वाचलं. "एड्रियन."

"कोण एड्रियन? ते पाद्र्यांनी चिकटवलेलं. त्या नावाला ओ दिली नाही म्हणून पट्ट्याने सोलायचे त्याला. त्या नावानं येईल का तो?"

"मग घरचं नाव घे ना, मावशी."

फिलोमीनने तोंड उघडलं. नाव आलंच नाही. घरचं नाव घेतलं की तोंडात साबण कोंबायचे. तिने ते इतकं आत दडपलं होतं की आता तिलाच सापडेना. तिला रडू फुटलं.

"मेल्यांनी तेवढंही ठेवलं नाही गं!"

डार्ला नुसती तिची पाठ चोळत राहिली. रडता रडता म्हातारीला नदीकाठ आठवला. संध्याकाळी आई हाक मारायची ती थोरली म्हणून तिलाच. धाकट्याला वेगळी हाक लागतच नसे. बहीण निघाली की तो शेपटासारखा मागोमाग यायचा.

डोळे पुसून ती कुंपणाशी गेली.

"सिपिसिस!" ती ओरडली. "सिपिसिस, चल घरी!"

"हे भावाचं नाव का?" साहेबाने हळूच विचारलं.

"माझं."

या फाटकातून आत आल्यापासून त्या नावानं तिलाही कुणी हाक मारली नव्हती. मागे वळून न बघता ती गाडीत जाऊन बसली. डार्लाने चावी फिरवली.

"थांब गं," म्हातारी म्हणाली. "मागचं दार उघड आधी. त्याचे पाय लहान आहेत, वेळ लागेल."