गुरुवारच्या सूपची हंडी

मी एक जुनी बिडाची हंडी आहे. मला तीन आखूड पाय आहेत, एक जड झाकण आहे आणि मित्रांनो, थोडासा ताठाही आहे. एकाच घरात एवढे हिवाळे रांधल्यावर तेवढा ताठा शोभतो.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, गार झाल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आले, काळी आणि खरखरीत. लेम्पी लग्न होऊन सरोवराकाठच्या या घरी आली, तेव्हा मी तिच्या सामानाबरोबर घसरगाडीवर बसून आले. वाटेत एकदा पडलेसुद्धा. माझ्या काठाचा टवका उडाला आहे ना, तो तेव्हाचा.

आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात. बाहेर नाक गोठते. अशा दिवसांत माणसाला वाफाळत्या अन्नाचा फार आधार वाटतो आणि तो आधार देण्याचे काम माझ्याकडे होते. सकाळी माझ्यात जवाची लापशी शिजे, मधोमध लोण्याचा गोळा टाकलेली. शनिवारी मांसाचा रस्सा विटांच्या भट्टीत मंद आचेवर तासन्‌तास रटरटे. आणि गुरुवारी वाटाण्याचे सूप! गुरुवारीच का, ते मला विचारू नका. गुरुवार म्हणजे वाटाणे, आणि त्यामागून भट्टीतला जाड पॅनकेक, स्ट्रॉबेरीचा मुरंबा लावून. बुधवारी वाटाणे भिजत घालायला जी विसरली, तिची आमच्या गावात धडगत नसे.

हे सूप खाण्याचीही एक रीत आहे. प्रत्येक जण खोलगट ताटलीच्या कडेला मोहरीच्या पिवळ्या, आंबट चटणीचा गोळा घेतो आणि घासागणिक थोडी थोडी कालवतो. लेम्पीचा नवरा काउको तर अर्धी बरणी संपवायचा. शेजारचे आर्वोकाका सरोवरावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायचे आणि गुरुवारी नेमके सूपच्या वेळी आमच्या दारात बूट झटकायचे.

"लेम्पी, चव तुझ्या हाताची की या हंडीची?" ते विचारायचे.

"हंडीची. मी नुसती ढवळते," लेम्पी म्हणायची. मी मनातल्या मनात फुगायचे.

मग एका जानेवारीत लेम्पी अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. ती इस्पितळात गेली आणि मी खुंटीवर गेले. काउको उभ्या उभ्या थंड सॉसेज आणि पाव खाऊ लागला. भट्टी गार पडली. माझ्या झाकणावर धूळ बसली. एवढ्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. फार वाईट वाटले मला.

त्यांची मुलगी रायली शहरातून आली. मनाने चांगली, पण कामाचा झपाटा असा की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नाही.

"बाबा, तू माझ्याकडे चल. घर बंद करू. आई बरी झाली की तिलाही तिथेच आणू."

"घर एकदा बंद झालं की लेम्पी परत यायची नाही इथे," काउको म्हणाला. "आधीच ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. नीट जेवत नाही. तिला वाटतं, तिचं घर संपलं."

"अरे, पण तुला साधं अंडं उकडता येत नाही. उद्या ती घरी आली तर तिला खायला काय घालशील, थंड सॉसेज?"

काउकोने खुंटीवरच्या माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "गुरुवारी ये. सूप मी करतो. नाही जमलं तर बॅग भरतो."

"ठरलं," रायली म्हणाली. जाता जाता तिने मला बोट लावले. "ही हंडी माझ्या बाल्कनीत छान दिसेल. माती भरून फुलझाड लावू." मित्रांनो, मी सूपची हंडी, कुंडी नव्हे!

बुधवारी काउकोने आठवणीने वाटाणे भिजवले. मग मला खाली काढून साबणाने खसाखसा घासले. लेम्पीने कधी साबण लावला नव्हता. गरम पाणी, फडके आणि तेलाचा हात, बस. माझ्या अंगाला वास येऊ लागला, पण बिचाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून मी सोसले.

गुरुवारी सकाळी त्याने भट्टी पेटवली, मला जाळावर ठेवून वाटाणे टाकले, कांदा टाकला, धुरी दिलेले मांस टाकले. झाकणाकडे वळला आणि थबकला. सूपची खरी चव कशात, हे त्याला चांगले ठाऊक होते. त्याने मोहरीची बरणी उघडली आणि सगळी माझ्यात उलटी केली.

मला तोंड असते तर मी ओरडले असते. आंबटात वाटाणा शिजत नाही, हे मला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. मी उकळत राहिले, वाटाणे टणक ते टणक.

दुपारी रायली आली. पाठोपाठ आर्वोकाका. तिघे जेवायला बसले. पहिल्याच घासाला आर्वोकाकांच्या दाताखाली कट्‌ असा आवाज झाला.

"काउको, हे वाटाणे आहेत की छर्रे? पोटात गेले तर माझ्या वजनानेच बर्फाला भोक पडेल, गिरमिट लागायचं नाही."

कोणी हसले नाही. काउकोने चमचा खाली ठेवला. "बॅग कुठे आहे, बघतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना.

रायलीने इस्पितळात फोन लावला. "आई, बाबाला माझ्याकडे नेते. सूप? नाही गं, नाही जमलं. वाटाणे शिजलेच नाहीत." मग ती थांबली आणि फोन पुढे केला. "तुला मागतेय."

"काय काय घातलंस, क्रमाने सांग," पलीकडून लेम्पीचा बारीक आवाज आला.

काउकोने सांगितले. मोहरीपाशी येताच पलीकडून हसणे ऐकू आले. आधी खुदखुद, मग मोठ्याने, थांबता थांबेना. रायलीच्या डोळ्यांत पाणी आले. पडल्यापासून आई पहिल्यांदा हसली होती.

"अरे वेड्या, इतकी वर्षं खाल्लंस आणि झाकण कधी उचलून बघितलं नाहीस? ते पाणी ओतून दे. नवं घाल, चिमूटभर सोडा घाल. निखारे बाजूला सार आणि हंडी भट्टीत ठेव. संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस. आणि रायलीला म्हणावं, थांब. चव कशी झाली ते मला कोणीतरी सांगायला हवं."

रायली थांबली. तिने येताना आणलेला पॅनकेक आधी खावा लागला. "जेवणाआधी गोड! आमच्या आईने थोबाड रंगवलं असतं," असे म्हणत आर्वोकाकांनी तीन तुकडे हाणले. मी भट्टीत विटांच्या उबेला बसले आणि जीव तोडून शिजवले.

संध्याकाळी काउकोने झाकण उचलले. वाटाणे लोण्यासारखे विरघळले होते. रायलीने दोनदा वाढून घेतले. बॅग रिकामीच राहिली. उरलेले सूप तिने बरणीत भरले, बरणी लोकरीच्या शालीत गुंडाळली आणि परतीच्या वाटेवर इस्पितळात थांबली.

तिथून तिचा फोन आला. "आईने वाडगा पुसून खाल्ला. म्हणाली, मीठ कमी आहे. घरी येऊन बघावं लागेल."

मार्चमध्ये लेम्पी काठी टेकत घरी आली. तिला फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून आता काउको ढवळतो आणि ती खुर्चीतून शिकवते. माझ्यात मातीऐवजी वाटाणेच आहेत. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे जुने भांडे असेल. त्याला साबणाने घासू नका, कोरडे पुसून तेलाचा हात फिरवा. आणि त्यात रांधणारे माणूस तुमच्याजवळ आहे तोवर एकदा तरी त्याच्या शेजारी उभे राहा, झाकण उचलून आत बघा. ताटलीत वाढलेले खाऊन सगळे कळत नाही.

आमच्याकडे आता दर बुधवारी संध्याकाळी लेम्पी विचारते, "वाटाणे भिजवलेस का रे?"

"भिजवले," काउको म्हणतो. "आणि मोहरी आर्वोकडे ठेवायला दिली आहे. उद्या जेवायला येताना आणेल."