लाईट गेली नव्हती

“स्क्रीनवर आता काय दिसतंय, मॅडम?”

“निळा पडदा. मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं एक कडं फिरतंय. त्याखाली दोन ओळी आहेत. पहिली, ‘अपडेट पूर्ण होऊ शकले नाही.’ दुसरी, ‘केलेले बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका’. दुसऱ्या ओळीला पूर्णविराम नाही.”

मदतकेंद्राच्या माणसानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पूर्णविरामाचं काय करायचं, हे त्याच्या समोरच्या कागदावर लिहिलेलं नसावं.

“मॅडम, तुम्ही मधेच चुकून काही दाबलं होतं का?”

झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारपासून हा प्रश्न तिला पाचव्यांदा विचारला जात होता आणि आज गुरुवार होता.

“अहो, तेहतीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात टाईप केलं,” ती म्हणाली. “दिवसाला चाळीस पानं. त्यात चुकून एक टिंब पडलं नाही. मी चुकून काही दाबत नाही. दाबते ते समजून दाबते.”

“तसं नाही मॅडम, पण कधीकधी या वयात...”

तिनं फोन ठेवला. हा खटका मात्र समजून दाबला होता.

कार्यालयात तिला सगळे खटखटबाई म्हणायचे. पहिल्यांदा पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि निरोपसमारंभात तर साहेबांनी भाषणातच म्हटलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. निवृत्तीनंतर बायका पाय दुखतात म्हणून बसून राहतात, ही दोन महिन्यांत कंटाळली आणि तिनं एक काम शोधून काढलं. अंध मुलांसाठी ब्रेल पुस्तकं छापणारं एक मुद्रणालय होतं. पाठ्यपुस्तकातला मजकूर यंत्र ठिपक्यांत उतरवायचं, पण चित्रांचं काय? तिथं कुणीतरी बसून चित्र शब्दांत मांडावं लागतं. ते ती करायची. पानावर जे दिसतं ते, जेवढं दिसतं तेवढं, डावीकडून उजवीकडे. सुंदर नाही म्हणायचं, छान नाही म्हणायचं. सहा वर्षांत आठ पुस्तकं झाली होती, आणि दुपारी दोन ते चार ती अंधशाळेत जाऊन मुलांकडून स्वतःची वाक्यं वाचून घ्यायची. कुठं मूल अडखळलं की वाक्य चुकलं, असा तिचा हिशेब. मूल कधीच चुकायचं नाही.

नववं पुस्तक सातवीच्या विज्ञानाचं. शेवटचा धडा राहिला होता. तेवढ्यात मुद्रणालयानं काम पाठवायची पद्धत बदलली आणि नवं सॉफ्टवेअर दिलं, ते तिच्या जुन्या संगणकावर चालेना. आधी अपडेट करा म्हणाले. शनिवारपर्यंत पुस्तक आलं नाही तर छपाई थांबेल, हेही म्हणाले.

मग सुरू झाली साडेसाती. अपडेटला तीन तास लागतात असं पडद्यावरच लिहिलेलं. ती साडेबाराला लावायची, एक वाजेपर्यंत समोर बसून आकडा वर चढताना बघायची, आणि शाळेत जायची. साडेचारला परत येऊन बघते तर हे निळं तोंड. सोमवारी तिला वाटलं, यंत्र आहे, होतं एखादवेळी. मंगळवारी मदतकेंद्रानं सांगितलं, जागा कमी पडत असेल. तिनं नातवाच्या बारशाच्या व्हिडिओपासून सगळं बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कच्या डब्यात हलवून अर्धी जागा मोकळी केली. तरी तेच. बुधवारी प्रिंटर काढला, माऊस सोडून सगळ्या वायरी उपटल्या, अपडेटचा जुना साठा पुसून टाकला. वरून दुरुस्तीवाला बोलावला. पोट सुटलेला, चष्मा कपाळावर. त्यानं दहा मिनिटं इकडंतिकडं टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “आजी, मशीन ठणठणीत आहे.”

“मग रोज फेल का होतंय?”

“ते तुम्हीच सांगू शकाल,” तो हसला. जाता जाता मात्र त्यानं एक शहाणपणाचा प्रश्न विचारला. “दुपारी लाईट जाते का तुमच्याकडे? हे मशीन असं लावलेलं आहे की लाईट आली की आपोआप चालू होतं. तुम्हाला कळायचंही नाही.”

हे तिला पटलं. संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, “अहो, दुपारी लाईट गेली होती का?”

“नाही,” तो म्हणाला. 

“रोज? सोमवारपासून?”

“एक दिवसही गेली नाही.”

विषय मिटला. तिचा नवरा वीज खात्यात तीस वर्षं लाईनमन होता. उन्हातान्हात खांबावर चढलेला माणूस. विजेच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. 

लेकाचा मात्र नूर या आठवड्यात वेगळाच होता. तो दूर नोकरीला, रविवारी फोन करणारा. आता रोज करत होता. “आई, जेवलीस? औषध घेतलंस? काल काय जेवलीस सांग बरं?” ती वैतागून म्हणाली, “वांगं. तू काय माझी परीक्षा घेतोस?” त्यावर तो घाईघाईनं नाही नाही म्हणाला होता. 

शुक्रवारी तिनं पाचव्यांदा अपडेट लावलं. या वेळी संरक्षण-प्रणालीही बंद केली, कारण मदतकेंद्राच्या दुसऱ्या एका माणसानं तसं सुचवलं होतं. सत्तावीस टक्के झाल्यावर ती निघाली. शाळेच्या फाटकाशी पोचली तर शिपाई म्हणाला, पाण्याची टाकी फुटली, मुलांना लवकर सोडलं. ती आल्या पावली परतली. सव्वादोनला दार उघडून आत आली, आणि पॅसेजमध्येच थबकली.

नवरा विजेच्या बोर्डापुढे उभा होता. पायांत रबरी चपला, डावा हात शिस्तीत पाठीमागे, जसा त्या कामातली माणसं ठेवतात. उजव्या हातानं त्यानं बाहेरच्या खोलीचा खटका खाली ओढला. खोलीतला पंखा हळूहळू थांबला. संगणकाची घरघर मात्र एका क्षणात बंद झाली.

“काय करताय तुम्ही?”

तो दचकला नाही. हळूच वळला आणि तिच्याकडे बघून इतकं मायेनं हसला की तिला आधी तेच समजेना.

“तू आलीस का? बस. पाणी देऊ?”

“पाणी नको. हे काय केलंत?”

“काही नाही गं. मी झोपायला जातो ना, तेव्हा बंद करतो. चार वाजता परत लावतो.”

“रोज?”

“सोमवारपासून. अगं, होतं असं. तू त्रास करून घेऊ नकोस.”

“मी तुम्हाला विचारलं होतं. लाईट गेली होती का म्हणून विचारलं होतं की नाही?”

“गेली नव्हती,” तो म्हणाला. आता मात्र त्याच्या आवाजात जुना लाईनमन आला. “लाईट जाणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो. गेली म्हणजे बिघाड. मी बंद केली होती.”

तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिनं दोन्ही केलं नाही, पिशवी जमिनीवर आदळली.

“आणि मशीनला हात लावायचा नाही, असं दहा वेळा सांगितलंय ना?”

“मशीनला कुठं लावला? खटक्याला लावला.”

“पण का?”

त्यानं पुन्हा ते मायेचं तोंड केलं. “तू चालू ठेवून जात होतीस म्हणून. सोमवारी बघितलं, मालकीण घरात नाही आणि मशीन घुमतंय. म्हटलं, विसरली. मंगळवारी परत तेच. बुधवारी परत. जळालेली घरं बघितलीत मी, माणूस नसलेल्या खोलीत लाईन जिवंत ठेवत नाही. पण तुला बोललो नाही. म्हटलं, तुला वाईट वाटेल. तू एवढी हुशार बाई, आणि आता असं व्हायला लागलं... चार वाजता गुपचूप लावून ठेवायचो. तुला कळू नये म्हणून.”

म्हणजे पाच दिवस ती जगाशी भांडत होती, वायरी उपटत होती, परक्या माणसांकडून आजी म्हणवून घेत होती, आणि हा माणूस घरात बसून तिचा विसरभोळेपणा झाकत होता. जो तिला झालेलाच नव्हता.

“मी विसरले नव्हते,” ती एकेक शब्द तोडून म्हणाली. “ते तीन तास चालू ठेवावं लागतं. मुद्दाम ठेवत होते. तुम्ही मधेच मान मुरगाळत होता त्याची. रोज.”

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, “हे तू मला कधी सांगितलंस?”

तिनं सांगितलं नव्हतं. मशीनचं काही सांगायला लागलं की हा पेपर वर धरतो, म्हणून तिनं वर्षांपूर्वीच सांगणं सोडलं होतं. त्यामुळे तर राग दुप्पट झाला.

“आणखी कुणाला सांगितलंत हे? माझ्या विसरण्याचं?”

“कुणाला नाही. म्हणजे, लेकाला तेवढं.”

वांग्याचा उलगडा झाला. तिनं उभ्याउभ्याच फोन लावला.

“आई, आधी शांत बस,” लेक म्हणाला. “बाबांनी काही म्हटलं का? हे बघ, यात लाजण्यासारखं काही नाही. लवकर कळलं तर गोळ्या असतात.”

“मला काही झालेलं नाही. तुझे बाबा खटका बंद करत होते.”

“हो हो. असेल.” तो आवाज तिनं कार्यालयात ऐकला होता, खिडकीवरच्या म्हाताऱ्यांशी कारकून असंच बोलायचे. “आई, तू आता आराम कर. त्या पुस्तकाचं टेन्शन घेऊ नकोस. मी बोललोय त्यांच्याशी.”

“कुणाशी?”

“मुद्रणालयात. काल फोन केला. म्हटलं, आईला आता झेपत नाही, पण ती स्वतःहून सोडणार नाही. चांगली माणसं आहेत गं, लगेच समजून घेतलं त्यांनी.”

तिनं फोन बंद केला. नवरा म्हणाला, “अगं, त्यानं तुझ्या काळजीपोटी...” आणि तिच्याकडे बघून त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

मुद्रणालयाच्या व्यवस्थापकबाईंनी फोन उचलला तोच हलक्या आवाजात. “ताई, कशी आहे तब्येत?”

“उत्तम आहे. माझ्या मुलाचा गैरसमज झाला. शेवटचा धडा उद्या सकाळपर्यंत देते.”

“अहो, पण... ते पुस्तक काल संध्याकाळीच दुसऱ्या एका बाईंकडे दिलं. छपाई थांबत होती. तुमचे झालेले धडेही त्या तपासून घेताहेत.”

“तपासून? का?”

“म्हणजे, तुमच्या चिरंजीवांनी सांगितल्यावर... राहिलं असेल काही नजरचुकीनं, म्हणून.”

सहा वर्षांत तिच्या वाक्यावर कुणी पेन्सिलही टेकवली नव्हती. खटखटबाई भिंतीला टेकून उभी राहिली आणि बोलू लागली. आवाज चढवला नाही. 

“धडा पाच, आकृती तीन. एक कप्पी. छताला आकडा आहे, आकड्याला एक चाक अडकवलं आहे. चाक वाटीच्या तोंडाएवढं धरा. चाकाच्या कडेला सगळीकडून खाच आहे. बोट फिरवलंत तर खाचेत बसेल. खाचेतून दोरी गेली आहे. दोरीचं डावं टोक खाली पाण्यानं भरलेल्या बादलीला बांधलं आहे. उजवं टोक एका मुलीच्या दोन्ही हातांत आहे. मुलगी दोरी खाली ओढते आहे. बादली वर येते आहे. मुलीची पाठ आपल्याकडे आहे, तिचा चेहरा चित्रात दिसत नाही. पान एकसष्ट. बघा तुमच्याकडे काढून. आता दुसरी कुठली म्हणू ती सांगा.”

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

“तंतोतंत आहे,” व्यवस्थापकबाई म्हणाल्या. “मला वाईट वाटतं, ताई. पण आता त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही. पुढच्या पुस्तकाला बघू.”

“मला विचारायचं होतंत,” ती म्हणाली. “एक फोन करायचा होतात.”

नवरा सगळं ऐकत बोर्डापाशीच उभा होता. सहा वर्षांत ही बाई त्या मशीनवर नेमकं काय करते, हे त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं. “बादली भरलेली आहे, हे चित्रात कळतं का?” त्यानं हळूच विचारलं.

“काठावरून सांडतंय,” ती म्हणाली. “खटका वर करा.”

त्यानं वर केला. संगणक आपोआप सुरू झाला, बदल मागे घेतो म्हणाला, ते तिनं त्याला घेऊ दिले. मग तिनं सहाव्यांदा अपडेट लावलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. भांडी आपटायला स्वयंपाकघरात जावं असं दोनदा वाटलं, पण उठली नाही. फोन दोनदा वाजला, त्यावर लेकाचा फोटो आला आणि गेला. त्याच्याशी बोलायचं होतं, पण आज नाही. आज बोलली असती तर जन्माचं बोलली असती.

सव्वासहाला पडदा उजळला. सगळं ठीक झालं होतं, दुरुस्तीवाला म्हणाला तसं मशीन ठणठणीत होतं. तिनं शेवटचा, आठवा धडा उघडला. त्यात सहा आकृत्या राहिल्या होत्या.

“हे आता कुणाला द्यायचंय?” नवऱ्यानं विचारलं.

“कुणाला नाही.”

“मग?”

“अर्धं सोडायची सवय नाही मला.”

ती टाईप करू लागली, गरजेपेक्षा बरंच जोरात. तो आज दुपारचा झोपला नव्हता, डोळे जड झाले होते. नेहमीसारखा बोर्डाकडे गेला, हात वर नेला, आणि तसाच थांबला.

“पॅसेजमधला दिवा बंद करू का?” त्यानं विचारलं.

एकेचाळीस वर्षांत त्यानं कुठलाही दिवा विचारून बंद केला नव्हता. तिनं मान वर केली नाही. पुढच्या आकृतीचा आकडा टाईप केला. तो हात तसाच धरून उभा राहिला, ती सांगेपर्यंत.